बौद्धिक दिव्यांग बालकांचे साक्षरता-शिक्षण : शाळा, घर आणि गाव यांचे कर्तव्य

विजयादशमीच्या दिवशी मराठी कुटुंबांतून पाटीपूजन केले जाते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटून तिच्यासमोर घरातील शाळकरी मुलांची पुस्तके मांडली जातात. विद्येचा हा मान घरातील प्रत्येक मुलास लाभावा, अशीच या प्रथेमागील भावना आहे. तथापि ज्या घरात बौद्धिक दिव्यांग मूल असते, तेथे त्याच्या वाट्याची पाटी बहुधा नसते. "त्याला काय कळणार?" असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. शाळेतही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो. मूल सहा वर्षांचे असते ते सोळा वर्षांचे होते, परंतु त्याच्या हाती पुस्तक पडत नाही.

हा प्रश्न मायेपोटी केलेला असला तरी त्याचा परिणाम कठोर होतो. मूल किती शिकेल हे आधी ठरवून मग त्यास शिकवावयाचे, हा क्रमच चुकीचा आहे. शिकवीत गेल्यावरच मूल किती शिकते ते कळते. अक्षरांची सोबत ही तयारी पूर्ण झाल्यावर द्यावयाची बक्षिसी नसून शिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून द्यावयाची गोष्ट आहे. हे तत्त्व कोठून आले, कायद्याने त्यास कोणता आधार दिला आहे आणि खेड्यातील साध्या शाळेत ते कसे आचरणात आणता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

बौद्धिक दिव्यांगता म्हणजे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत बौद्धिक दिव्यांगतेची व्याख्या दिलेली आहे. तर्क करणे, शिकणे, अडचण सोडविणे या बौद्धिक कार्यांत, तसेच रोजच्या जीवनातील सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांत, अशा दोन्ही बाबतींत लक्षणीय मर्यादा असणे म्हणजे बौद्धिक दिव्यांगता होय. हा मानसिक आजार नव्हे. आजार औषधाने बरा होऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगता ही जन्मापासून किंवा बालपणापासूनची विकासाची अवस्था आहे.

तिची कारणे अनेक असतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्याने होणारा डाउन सिंड्रोम, जन्माच्या वेळी मेंदूस प्राणवायू कमी पडणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणी आईच्या आहारात आयोडीनची तीव्र उणीव ही त्यांपैकी काही होत. अनेक मुलांच्या बाबतीत नेमके कारण सापडतही नाही. आईवडिलांचे कर्म, ग्रहण किंवा कोणाची दृष्ट यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे गावातील जाणत्या मंडळींनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे १५ लक्ष व्यक्तींची नोंद या वर्गात झाली होती. त्या वेळी जनगणनेत व कायद्यात 'मतिमंद' हा शब्द रूढ होता. आता 'बौद्धिक दिव्यांग' ही संज्ञा वापरली जाते. शब्द बदलल्याने सारे बदलत नाही हे खरे. परंतु ज्या मुलास हाक मारतानाच 'मंद' म्हटले जाते, त्याच्यापुढे पुस्तक ठेवण्याचे कोणाच्या मनात येत नाही, हेही तितकेच खरे.

उपेक्षेचे मूळ

विसाव्या शतकात दीर्घ काळ या मुलांचे तीन वर्ग पाडले जात असत : शिक्षणक्षम, प्रशिक्षणक्षम आणि केवळ सांभाळण्याजोगी. पहिल्या वर्गास थोडे लिहिणे-वाचणे शिकवीत. दुसऱ्या वर्गास अंघोळ, जेवण, कपडे घालणे आणि मणी ओवण्यासारखे हातकाम शिकवीत. पुस्तक त्यांच्यासाठी नाही असे समजत. तिसऱ्या वर्गास शाळाच नव्हती. बुद्ध्यंकाच्या एका चाचणीवरून मुलाच्या साऱ्या आयुष्यावर शिक्का बसत असे. ही वर्गवारी आता शास्त्रात मान्य नाही. तथापि तिची सावली अजून शाळांवर आहे. स्वावलंबनाचे शिक्षण अत्यंत आवश्यक आहे. परंतु ते अक्षरांच्या ऐवजी दिले जावे, असे मानण्यास काहीही आधार नाही.

इतिहासाने दिलेले उत्तर

फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास जीन इतार या वैद्याने अव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलास शिकविण्याचा प्रयत्न केला. हा मुलगा बोलू शकत नव्हता. सुटी अक्षरे जुळवून 'दूध' या अर्थाचा फ्रेंच शब्द मांडण्यास तो शिकला. इतारचे शिष्य एदुआर सेगँ यांनी हे काम पुढे नेले. या दोघांच्या ग्रंथांचा अभ्यास करून मारिया माँटेसोरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोम येथील बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी साहित्य सिद्ध केले. बोटाने गिरवून ओळखावयाची खरखरीत अक्षरे त्यात होती. या मुलांपैकी काही मुले सर्वसाधारण शाळांच्या परीक्षेस बसून लेखन-वाचनात उत्तीर्ण झाली.

या घटनेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. माँटेसोरी पद्धतीवरून प्रेरणा घेऊन गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत बालवाडी नेली. म्हणजे आज बालवाडीत दिसणारे पुष्कळसे साहित्य मुळात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी निर्माण झाले होते. त्यांच्यामुळे इतर मुलांना जे मिळाले, ते त्यांना स्वतःला नाकारले जावे, यात न्याय नाही.

मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली. तीच जय वकील संस्था होय. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' संस्था स्थापन केली. केंद्र शासनाने १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था उभारली. ती आज राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था या नावाने ओळखली जाते. अलीकडच्या काळात जय वकील संस्थेने 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम तयार केला आणि राज्य शासनाच्या सहकार्याने तो महाराष्ट्रातील विशेष शाळांपर्यंत नेला आहे.

परदेशांतही अशीच वाटचाल झाली. कोणतेही मूल 'शिक्षणास अपात्र' ठरविण्याची पद्धती ब्रिटनने १९७० च्या कायद्याने बंद केली. तेथे १९८० च्या सुमारास स्यू बकली यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या वाचनाचा अभ्यास सुरू केला. या मुलांची ऐकून लक्षात ठेवण्याची शक्ती कमी असली तरी पाहून लक्षात ठेवण्याची शक्ती तुलनेने चांगली असते. त्यामुळे छापील शब्द त्यांच्या बोलण्यासही साहाय्य करतो, असे अशा अभ्यासांतून दिसून आले. बोलता आल्यावर वाचन शिकवू, असे म्हणून थांबणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने (२००२) शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग व तीव्र दिव्यांग बालकास घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्यायही मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ अन्वये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, असे कलम १६ सांगते.

घरी शिक्षणाचा पर्याय हा मुलाचा व पालकांचा अधिकार आहे. शाळेने मूल दूर ठेवण्यासाठी वापरावयाची ती पळवाट नव्हे, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे.

कन्नौदसारख्या गावातील भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा असतो. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याचे कन्नौद हे तहसिलीचे गाव इंदूरहून बैतुलमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. हा मुलूख पूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात होता. धार व देवास ही पवारांची संस्थाने होती. मराठी राजवटींमुळे माळव्यात येऊन वसलेल्या घरांतून आजही मराठी बोलली जाते. घराबाहेर माळवी बोली आणि शाळेत हिंदी, असा या मुलांचा दिवस जातो. आदिवासी वस्त्यांतील मुलांच्या घरची बोली आणखी निराळी असते. मूल बौद्धिक दिव्यांग असेल तर "दोन भाषांचा गोंधळ कशाला?" असे म्हणून घरची भाषा सोडण्याचा सल्ला पालकांना दिला जातो. हा सल्ला योग्य नाही. ज्या भाषेत आई मुलास जवळ घेते, भूक-तहान विचारते, त्याच भाषेत त्याच्या मनातील अर्थ साठलेले असतात. ती भाषा काढून घेतल्यास अक्षरांना चिकटावयास अर्थच उरत नाही.

सुदैवाने मराठी व हिंदी यांची लिपी एकच आहे. त्यामुळे प्रारंभ दोन्ही भाषांत समान असलेल्या शब्दांनी करता येतो. घर, दूध, गाय, बस, नाक, कान हे शब्द दोन्हीकडे सारखेच लिहिले जातात. घरी आईने व शाळेत गुरुजींनी हेच शब्द दाखविले तर मुलाचा सराव दुप्पट होतो. दुसऱ्या टप्प्यात 'पाणी' व 'पानी', 'हात' व 'हाथ', 'केळे' व 'केला' असे जवळचे शब्द येतात. हे शब्द एकाच दिवशी शेजारी मांडू नयेत. घरच्या भाषेतील शब्द पक्का झाल्यावर शाळेतील शब्द द्यावा. तिसऱ्या टप्प्यात सर्वस्वी भिन्न शब्द घ्यावेत. शब्द सारखा पण अर्थ भिन्न, असेही काही असतात. 'शिक्षा' हा हिंदी फलकावरील शब्द वाचून मराठी पालकास प्रथम छडी आठवते! अशा शब्दांचा अर्थ पालकांनाही समजावून सांगावा.

गावाचे नाव हा तर उत्तम पाठ होय. 'कन्नौद' या शब्दात जोडाक्षर आहे व 'औ'ची मात्राही आहे. अक्षरश: वाचावयास तो कठीण. परंतु दुकानाच्या पाटीवर, बसच्या फलकावर व शाळेच्या भिंतीवर तो रोज दिसतो. त्यामुळे संपूर्ण चित्रासारखा तो लवकर ओळखता येतो. कठीण वाटणारा शब्द परिचयामुळे सोपा होतो, हे येथे ध्यानात येते.

पाठापूर्वीची तयारी

प्रथम मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत श्रवणदोष व दृष्टिदोष वारंवार आढळतात. चष्म्याअभावी न वाचणाऱ्या मुलास बुद्धीअभावी वाचत नाही असे समजले जाण्याचा धोका असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून ही तपासणी होते व गरजेनुसार मुलास पुढील केंद्राकडे पाठविले जाते. मूल ताठ बसू शकेल, पाय टेकतील आणि पुस्तक डोळ्यांसमोर येईल अशी बैठकही करून द्यावी. पेटी, उशी व कलती फळी एवढ्या साहित्याने हे साधते.

रोजची पाच कामे

रोज अर्ध्या ते पाऊण तासात पुढील पाच कामे करावीत. ही एकामागून एक चढावयाच्या पायऱ्या नव्हेत. पाचही कामे पहिल्या आठवड्यापासून रोज थोडी थोडी व्हावयास हवीत.

१. नावाची ओळख. पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठळक अक्षरांत मुलाचे नाव लिहावे. हजेरीच्या वेळी वर्गातील सर्व मुलांनी आपापली पट्टी उचलून फळ्याजवळील दोरीवर लावावी. दिव्यांग मुलापुढे प्रथम दोन, मग तीन, मग पाच पट्ट्या ठेवून त्यातून त्याची त्यास शोधू द्यावी. स्वतःचे नाव हा जगातील सर्वात अर्थपूर्ण शब्द आहे. त्यातील अक्षरे हीच मुलाची पहिली अक्षरे होत.

२. सोबतीचे वाचन. शिक्षकाने किंवा मोठ्या वर्गातील विद्यार्थ्याने मुलाजवळ बसून पुस्तक मोठ्याने वाचावे. वाचताना बोट शब्दांखालून सरकवावे. 'हे काय आहे? ते काय आहे?' असा प्रश्नांचा भडिमार करू नये. चित्राविषयी आपणच एखादे वाक्य बोलावे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत शांत थांबावे. या मुलांस उत्तर जुळविण्यास वेळ लागतो. आपण घाईने उत्तर देऊन टाकतो आणि मग मूल उत्तर देत नाही असे म्हणतो. मुलाने पान उलटले, चित्रास हात लावला, हसले किंवा डोळे वळविले, तरी तो प्रतिसाद समजावा.

३. शब्द व अक्षरे. देवनागरीचे एक मोठे सुख असे की, 'म' हे अक्षर बहुतेक सर्वत्र 'म'च उच्चारले जाते. तिची अडचण मात्रांची आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. उकार खाली जातो, मात्रा वर चढते. यास्तव जुळवून वाचण्यासाठी प्रथम घर, बस, नळ, कप असे बिनमात्रांचे शब्द घ्यावेत. त्यानंतर बाबा, चहा, मका असे काना असलेले घ्यावेत. वेलांट्या, उकार व मात्रा क्रमाने याव्यात आणि जोडाक्षरे शेवटी. ग, म, भ, न ही आकाराने जवळची अक्षरे इतर मुलांस एकत्र शिकविता येतात. या मुलांस मात्र घ-ध, ब-व, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच वेळी देऊ नयेत. एक पक्के झाल्यावर मध्ये अंतर ठेवून दुसरे द्यावे. प्रथम खरी वस्तू, मग तिचे चित्र, चित्राखाली शब्द आणि अखेरीस केवळ शब्द, असा क्रम ठेवावा. चित्र कायम राहिल्यास मूल चित्रच वाचते, शब्द वाचीत नाही.

४. लेखन. लेखन म्हणजे गिरविणे नव्हे. एकच अक्षर वर्षानुवर्षे गिरविणाऱ्या मुलाने काहीच लिहिलेले नसते. लेखन म्हणजे आपल्या मनातील गोष्ट चिन्हांनी दुसऱ्यास कळविणे. मुलास चित्र किंवा छायाचित्र निवडू द्यावे आणि त्याविषयी 'लिही' असे सांगावे. प्रारंभी रेघोट्या येतील, मग अक्षरांसारखे आकार, मग नावातील एखादे अक्षर. त्या रेघोट्यांना चूक म्हणू नये. त्यांच्याखाली तारीख घालून कागद जपून ठेवावा.

५. स्वतःहून पुस्तक हाताळणे. पाच-दहा मिनिटे मुलास हवे ते पुस्तक हवे तसे पाहू द्यावे. पुस्तक फाटेल म्हणून कपाटात ठेवणे हा पुस्तकाचा सन्मान नव्हे. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली पाने दोऱ्याने बांधून मुलाचे स्वतःचे पुस्तक करावे. त्यात घरची शेळी, आजीची टोपली, चहाच्या पुड्याचे वेष्टन, बसचे तिकीट असावे. मुलाच्या वयाचे भानही ठेवावे. चौदा वर्षांच्या मुलीस शिशुवर्गातील बडबडगीते देणे हा तिचा अपमान होय. तिच्या पुस्तकात बाजार, स्वयंपाक, सण, मैत्रिणी व दुकान येऊ द्यावे.

न बोलणारे व पेन्सिल न धरणारे मूल

ज्या मुलास वाणी नाही, त्याच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वात अधिक दुर्लक्षित राहतो. अशा मुलासाठी चित्रांचा संवाद-फलक करावा. 'हवे', 'नको', 'आणखी', 'थांबा', 'दुखते', 'आई', 'पाणी' अशी चित्रे शब्दांसह एका पुठ्ठ्यावर चिकटवावी. बोलताना शिक्षकानेही त्या फलकावर बोट ठेवून दाखवावे. मूल पाहूनच शिकते. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले 'जेलो' हे चित्रसंवादाचे साधन मोबाइलवर मोफत मिळते व त्यात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची सोय आहे. तथापि मोबाइल नसला म्हणून काम अडत नाही. पुठ्ठा पुरेसा आहे.

पेन्सिल धरता न येणाऱ्या मुलास दोन पट्ट्या कराव्यात. एकीवर व्यंजने, दुसरीवर मात्रा. शिक्षकाने एकेका अक्षरावर सावकाश बोट न्यावे. हवे ते अक्षर येताच मुलाने मान हलवून, डोळे मिटून किंवा हात उचलून खूण करावी. मग शिक्षकाने ते अक्षर कागदावर लिहावे. हीच त्या मुलाची पेन्सिल होय. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मोठ्या माणसाने मुलाचा हात धरून अक्षरांवर नेऊ नये. तसे केल्यास उमटणारे शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, हे अनेक शास्त्रीय कसोट्यांतून सिद्ध झाले आहे. मुलाने एकच अक्षर निवडले तरी ते त्याचे स्वतःचे असावे.

नोंद व मूल्यमापन

या मुलांची प्रगती सावकाश होते. म्हणूनच ती लिहून ठेवल्याखेरीज दिसत नाही. 'मूल सुधारले' किंवा 'सुधारणा नाही' असे मोघम शेरे निरुपयोगी असतात. 'तीन पट्ट्यांतून आपले नाव पाचपैकी चार दिवस ओळखले', 'पुस्तक उलटे दिल्यास सरळ करून घेतले', 'नको हे चित्र स्वतःहून दाखविले' अशा नेमक्या नोंदी असाव्यात. दर तीन महिन्यांनी शिक्षक, पालक व विशेष शिक्षक यांनी एकत्र बसून पुढील दोन-तीन उद्दिष्टे ठरवावीत. एखादी पद्धत निष्फळ ठरल्यास पद्धत बदलावी. मुलास वगळू नये.

काही मुले वर्तमानपत्रातील मथळे वाचतील, काही मुले पन्नास शब्द ओळखतील, काही केवळ आपले नाव व दोन चित्रे ओळखून आपली इच्छा सांगतील. या प्रत्येक टप्प्यास व्यवहारात मोल आहे. औषधाच्या दोन बाटल्यांतील फरक, घराचा पत्ता, बँकेतील अंगठ्याऐवजी सही, 'मला हे नको' असे ठामपणे कळविण्याची शक्ती, या गोष्टींनी माणसाचे रक्षण होते. जे मूल आपल्यावरील अन्याय सांगू शकत नाही, त्याच्यावर अन्याय करणे सोपे असते. साक्षरतेचा हा लाभ परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही.

शासकीय साहाय्य कोठे मिळते?

पालकांनी प्रथम दिव्यांगतेचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाची तरतूद असून विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन, साधन-कक्ष व गृहाधारित शिक्षण यांचा तीत समावेश होतो. महाराष्ट्रात त्यासाठी गट साधन केंद्राशी व मध्य प्रदेशात जनपद शिक्षा केंद्राशी संपर्क साधावा. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले शैक्षणिक साहित्याचे संच केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून दिले जातात. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लक्ष रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन स्तरांमधून आपल्या गतीने पुढे जाण्याचाही मार्ग खुला आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग कार्यरत आहे.

गावाचे काम

साक्षरतेच्या कामी गावाने पुढाकार घेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा नांगर धरणाऱ्या हातांनी रात्रीच्या वर्गात पाटी धरली. "या वयात यांना काय कळणार?" हा प्रश्न त्या प्रौढांविषयीही विचारला गेला होता. तत्पूर्वी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्यापुढेही तसाच प्रश्न होता. प्रत्येक वेळी ज्यांना शिकविले गेले, त्यांनीच त्याचे उत्तर दिले. बौद्धिक दिव्यांग मुले ही या रांगेतील शेवटची आहेत.

ग्रामसभेने व शाळा व्यवस्थापन समितीने गावातील अशा प्रत्येक मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे की नाही, याची खातरजमा करावी. अंगणवाडी सेविकेने लहान मुलांच्या विकासातील विलंब वेळीच कळवावा. ग्रंथालयाने मोठ्या अक्षरांची चित्रमय पुस्तके घरी नेण्यास द्यावीत. दुकानदाराने अशा मुलाच्या हातची चिठ्ठी वाचून त्यास वस्तू द्यावी. त्या एका व्यवहाराने वाचनाचे प्रयोजन मुलास जितके कळते, तितके दहा पाठांनी कळत नाही. शेजारच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस त्याच्यासोबत गोष्ट वाचावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'दिव्यांग विद्यार्थी किती?' एवढेच न विचारता 'त्यांच्या दप्तरात कोणते पुस्तक आहे?' असेही विचारावे.

पटावर नाव, हातात पुस्तक, समोर थांबून वाट पाहणारा शिक्षक आणि रोजची पंचेचाळीस मिनिटे, एवढ्या गोष्टी ज्या शाळेने दिल्या, तिने आपले कर्तव्य केले असे म्हणता येईल. त्यापुढे मूल किती अंतर जाईल ते मूलच दाखवील. ते दाखविण्याची संधी त्यास नाकारण्याचा अधिकार मात्र घरास, शाळेस अथवा शासनास नाही.